जीभ काढ बघू

हलू नका हं ताई. हात सोडा, सैल सोडा — पोलिसांनी पकडल्यासारख्या नका उभ्या राहू, कोट आहे तो, बेड्या नाहीत. हां, असं. तर काय सांगत होते मी — टाचण्या. पूर्वी मी टाचण्या तोंडात धरायचे. ओठांत चार इकडे, चार तिकडे, आणि बोलायचं काय ते नाकातून, हं-हं करून. चौदा वर्षं हे काम करतेय, एक टाचणी गिळली नाही की कुणाला टोचली नाही. गिऱ्हाइकांनाही बरं पडायचं, माझं तोंड बंद म्हणजे दुकानात शांतता. आता ही बघा, मनगटावर गादी बांधून दिलीय सासूबाईंनी, घड्याळासारखी — टाचण्या हिच्यात टोचायच्या, तोंडात घालायच्या नाहीत. का? तर माझी जीभ. टाचण्यांचा गंज लागला म्हणे जिभेला! टाचण्या स्टीलच्या, गंज येणार कुठून? पण सांगायचं कुणाला. तोंड मोकळं झालं आणि आता जो येईल त्याला माझी टकळी ऐकावी लागते. तुम्ही पहिल्यांदाच आलात आणि सापडलात. पंचवीस वर्षं एका कचेरीत काढल्याबद्दल सत्कार आहे म्हणालात ना शनिवारी? मग हाही काढाल अर्धा तास. हनुवटी वर. वर — बास.

नाही हो, दुखत वगैरे नाही. सांगते ना. पाचवा महिना सरत आला होता. सकाळी दात घासताना जीभ बाहेर काढली — काढतोच की आपण, घासायला — आणि बघते तर मधोमध लाल चकती. गुळगुळीत. लोकरीच्या कापडावर तापलेली इस्त्री ठेवून विसरलं की लव जळून कशी चमक येते, तशी. आणि कडेनं पांढुरकी किनार, बारीक, जणू कोणी गोट लावलाय. मी म्हटलं, भाजलं असेल चहानं. दोन दिवसांनी बघते तर चकती मधे नाहीच! सरकून डावीकडे गेलेली, आणि उजवीकडे एक नवीन. आठवड्यानं डावीकडची भरून आली आणि टोकाशी तिसरी. म्हणजे आज इथे तर उद्या तिथे, भाडेकरूसारखं. त्रास म्हणाल तर टोमॅटो खाल्ला की चुरचुरतं, संत्रं खाल्लं की चुरचुरतं, आणि कॉफी प्यायले की किल्ली चाटल्यासारखं लागतं. एवढंच. बाकी पायाला गोळे येतात, रात्रीत पाच वेळा उठावं लागतं, या पॅडलवर पाय ठेवला की कंबर म्हणते मी तुझी नव्हेच — पण ते कुणी विचारत नाही. विचारतात काय? जीभ. पोट एवढं समोर आलंय, सातवा लागलाय, आणि लोक बघतात जीभ!

चूक माझीच. मी सासूबाईंना दाखवली. आमच्या सासूबाई वाईट नाहीत हं, जिवाला लावून घेतात इतकंच. त्यांनी बघितलं आणि अशी किंकाळी फोडली की खालच्या मजल्यावरची शिक्षिका वर धावत आली. मग तिनं बघितलं. तिनं चष्मा लावून बघितलं — भूगोल शिकवते ना ती — म्हणते, अगंबाई, हुबेहूब नकाशा, हे बेट, ही खाडी. मला वाटलं आता वर्गातली मुलं आणून उभी करते की काय. संध्याकाळी नणंदेचा फोन, तिला सासूबाईंनी कळवलेलं — फोटो पाठव. पाठवला. तिनं उलट मला दहा जणांच्या जिभांचे फोटो पाठवले, एकेक असली भयंकर की माझं जेवण गेलं. वर लिहिते, ‘घाबरू नकोस’. त्यानंतर ‘जीभ काढ बघू’ हा आमच्या घरातला नमस्कारच झाला. कोणी आलं की आधी जीभ, मग पाणी. परवा शेजारचा इस्त्रीवाला, चांगला पासष्ट वर्षांचा माणूस, शर्ट द्यायला आला आणि म्हणतो, वहिनी, हरकत नसेल तर... मी म्हटलं, काका, हरकत आहे! तर म्हणतो, नाही, माझ्या मेहुणीला असंच झालं होतं. मग काय झालं तिला? तर म्हणे काही नाही, ठणठणीत आहे. मग मला कशाला सांगताय! — सॉरी, ताई. ओढलं का मी? खांद्यात जरा झोल आहे, तो काढते. उजवा खांदा तुमचा किंचित खाली आहे, पिशवी त्याच हातात घेत असणार तुम्ही, पंचवीस वर्षं. खांदा कधी खोटं बोलत नाही.

आणि नवरा. नवऱ्याचं तर विचारूच नका. लिफ्ट दुरुस्त करतो तो. कंपनीत त्याला सगळे ‘पाना’ म्हणतात — हातात कायम पाना असतो म्हणून, आणि एकदा आवळायला लागला की थांबत नाही म्हणूनही. रोज सकाळी साडेसहाला, त्याच्याकडे लिफ्टच्या खड्ड्यात उतरायची विजेरी असते, ही एवढी, ती घेऊन येतो आणि मला खिडकीपाशी खुर्चीत बसवतो. हनुवटी धरतो. आ कर. अजून. डावीकडे वळव. आणि नुसतं बघून सोडत नाही — त्याच्या कामाची वही असते ना, कुठल्या इमारतीत काय बिघाड, तारीख, वेळ — त्या वहीत मागच्या पानांवर जिभेचं चित्र काढतो. रोज एक. चकत्या लाल पेन्सिलीनं, किनार साधी, खाली तारीख. एकवीस चित्रं झाली. कोणी बायकोच्या जिभेची चित्रं काढतं का हो? लोक बायकोचे फोटो काढतात, फुलं देतात, निदान भांडतात तरी. मी तोंडाचा आ वासून बसायचं, लाळ गळतेय, गॅसवर दूध उतू जातंय, आणि हा डोळे बारीक करून, ‘कालच्यापेक्षा ही दोन मिलिमीटर वर सरकली.’ इतका राग येतो मला! एवढं लक्ष लिफ्टकडे दिलं असतं तर शहरातली एक लिफ्ट अडकली नसती. आणि काही नाहीये त्यात, ताई, काही म्हणजे काही नाही. दातांच्या डॉक्टरबाईंनी मला केव्हाच सांगितलं — निरुपद्रवी आहे, गरोदरपणात कधीकधी दिसतं, बाळाला काही होत नाही, औषधही लागत नाही, आंबटतिखट जरा जपून खा आणि विसरून जा. दहा मिनिटांत बाहेर. आता या गोष्टीला तीन आठवडे...

काय म्हणालात?

हं. मग तो अजून का बघतो.

जरा हात वर करा. डावा. बाहीचं बघू दे.

नाही, राग नाही आला. बरोबर विचारलंत. मीच बोलून बसले, जिभेला हाड नाही ते असं. — नाही सांगितलं मी त्यांना घरी. डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते. म्हणजे सांगणार होते! जिना चढताना वाक्यसुद्धा तयार होतं तोंडात. पण तुम्हाला आधी दुसरं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल काय खोटारडी बाई आहे, हिच्याकडे कोट कशाला टाकला. डॉक्टरबाईंनी सगळं नीट समजावलं, चांगली बाई आहे, पण बोलायला सुरुवात कशी केली माहितीये? ‘होतं असं.’ बस, तिथेच माझ्या कानात घुमायला लागलं. होतं असं. हा शब्द मला सहन होत नाही, ताई. दोन वर्षांपूर्वी मी हा शब्द इतक्यांदा ऐकलाय की पुरे.

तेव्हाही सातवाच होता. हा बाहेरगावी, सोळा मजली इमारत, तिथे चार लिफ्ट बसवायच्या होत्या. मी इथेच, याच मशीनवर. एके दिवशी दुपारी लक्षात आलं की सकाळपासून आत हालचाल नाही. एरवी मशीन सुरू केलं की लाथा सुरू व्हायच्या, आवाज आवडायचा की नाही कोण जाणे. त्या दिवशी काही नाही. मी याला फोन लावला. म्हटलं, बाळ गप्प आहे रे. तर म्हणाला, ‘होतं गं, झोपलं असेल, तूपण झोप.’ सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘होतं, याच्या वेळी मलाही दोन दिवस असंच होतं.’ दवाखान्यात फोन केला, तिथे फोनवर एक मुलगी होती, ती म्हणाली, ‘होतं मॅडम, डाव्या कुशीवर झोपा, काहीतरी गोड खा.’ झोपले डाव्या कुशीवर. खाल्लं गोड. संध्याकाळी परत फोन केला याला, ये म्हटलं. स्पष्ट म्हटलं, तू ये. तो म्हणाला, परवा काम संपतंय, परवा निघतोच. परवा! दुसऱ्या दिवशी मी काय केलं सांगू? मी एका बाईचा झगा पुरा केला. काजं केली, अस्तर लावलं, बटणं लावली, अकरा बटणं. सगळे म्हणतायत होतं, तर होत असेल. शहाण्यासारखी बसून बटणं लावली. तिसऱ्या दिवशी हा आला आणि आम्ही गेलो आणि त्यांनी पोटावर ते यंत्र फिरवलं, फिरवलं, आणि त्या आवाज शोधणाऱ्या बाईनं माझ्याकडे बघायचं बंद केलं.

तेव्हापासून — होतं. बाळ होतं. एकच शब्द बघा, सगळ्यांनी सांगितला तेव्हा त्याचा अर्थ एक होता आणि मी घरी आले तेव्हा दुसरा.

अहो, रडू नका तुम्ही. कोटावर पडेल. लोकरीवर पाण्याचा डाग दिसतो. हे घ्या.

आणि नंतर तो माझ्याकडे बघेनासाच झाला. भांडण नाही, काही नाही. पगार हातात, भाजी आणून देणार, नळ गळला तर दुरुस्त करणार. पण बोलायचं झालं तर भिंतीकडे बघून. जेवताना ताटाकडे. दोन वर्षं. आता तुम्ही म्हणाल, मग हे कसं — कसं म्हणजे, नवराबायको आहोत, अंधार असतो. पण उजेडात नाही. त्या दिवशी दातांच्या दवाखान्यातून आले, जिना चढून वर आले तर हा दारातच उभा. विजेरी हातात. ‘काय म्हणाल्या?’ म्हणाला, आणि माझी हनुवटी धरली. डोळ्यांत बघितलं माझ्या. एवढ्या जवळून. त्याच्या डाव्या भुवईत एक पांढरा केस आलाय, मला माहीतच नव्हतं. आणि मी — वाक्य तयार होतं, शपथ — पण तोंडातून आलं, ‘बघू म्हणाल्या. रोज लक्ष ठेवायला सांगितलंय.’ झालं. एकदा बोलले, की मग परत कसं घ्यायचं? रोज सकाळी ठरवायचे, आज सांगते. आणि रोज सकाळी तो खुर्ची खिडकीपाशी ओढायचा.

नाही, नाही, तुम्ही माझी बाजू घेऊ नका. पुढचं ऐका मग घ्या. दुसऱ्याच आठवड्यात कंपनीकडून त्याला विचारलं, चार महिने बाहेरगावी, नवीन हॉस्पिटलमध्ये लिफ्ट बसवायच्या, याला मुख्य करणार. इतकी वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काढली त्यानं, याची वाट बघत. मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होते आणि हा बाहेर फोनवर. ‘नाही साहेब, जमणार नाही. बायकोच्या तब्येतीचं जरा... हो, लक्ष ठेवायला सांगितलंय.’ माझेच शब्द! मी हातात टॉवेल धरून उभी. दार उघडून एवढंच सांगायचं होतं, अरे काही नाहीये, जा तू. माझी जीभ टाळ्याला चिकटली. ज्या जिभेचा एवढा गाजावाजा, ती वेळेला हललीच नाही. आणि खरं सांगू? नव्हतंच जाऊ द्यायचं मला त्याला. सातव्या महिन्यात पुन्हा बाहेरगावी? परत मी फोन करायचा आणि परत त्यानं म्हणायचं... ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. त्याच्याहून सहा वर्षांनी लहान आहे तो.

काल फुटलं सगळं. याला काय अवदसा आठवली, वही घेऊन स्वतःच गेला डॉक्टरबाईंकडे. चकत्या कशा फिरतायत ते दाखवायला! म्हणे त्यांना उपयोग होईल. त्यांनी एकवीसच्या एकवीस चित्रं बघितली आणि म्हणाल्या, चित्रं छान काढता तुम्ही, पण अहो, मी तुमच्या बायकोला तेव्हाच सांगितलं होतं की काळजीचं कारण नाही. संध्याकाळी घरी आला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं. टेबलावर वही ठेवली आणि म्हणाला, ‘एकवीस दिवस तू मला वेड्यात काढलंस. माझी जागा गेली.’ मी गप्प बसायला हवं होतं. चूक माझी होती, ढळढळीत. जीभ चावायची आणि गप्प बसायचं. पण नाही! आतून कुठून आलं कोण जाणे, म्हटलं, ‘मी तुला एकवीस दिवस फसवलं. तू मला दोन दिवस थांबवलंस. सांग, कुठले जास्त?’

दोन वर्षांत आमच्या घरात हे कोणी बोललं नव्हतं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या, तिथूनच परत आत गेल्या. तो ताटावरून उठला. आज सकाळी मी सवयीनं खुर्चीत जाऊन बसले, साडेसहाला, खिडकीपाशी. हा बूट घालून निघून गेला. माझ्याकडे न बघता. मी तशीच बसलेय, मूर्खासारखी, आणि सासूबाई येऊन विचारतात, आज बघायचं नाही का जिभेकडे? काय सांगू त्यांना? दुपार झाली, फोन नाही, निरोप नाही. बोललेलं खोटं होतं का माझं? नव्हतं. पण असं बोलायचं असतं का? तेही नव्हतं. बरं, तो तरी काही म्हणेल! निदान एवढं तरी म्हणावं की... जाऊ दे. त्याच्याकडून शब्द निघणं म्हणजे दगडाला पाझर. फिरा. पाठ करा माझ्याकडे. पाठीत ठीक बसलाय. बाही पाऊण इंच कमी करते, म्हणजे हार घ्यायला हात पुढे केलात की मनगट नेमकं —

थांबा हं. माझाच वाजतोय.

त्याचा आहे.

हं. — हो, दुकानातच. — गिऱ्हाईक आहे. — खाल्लं. — हो, हलतंय, सकाळपासून चांगलं हलतंय, त्याचं काही नाही. — कुठे आहेस तू? मागे एवढा आवाज कसला? — मग वर ये ना त्या खड्ड्यातून, तुझं अर्धं ऐकू येत नाहीये मला. — साहेबांचं ते नंतर. जागेचं नंतर बोलू, त्यात माझीच... हं. — हं.

काय म्हणालास?

‘त्या दिवशीच निघायला हवं होतं’ — हेच म्हणालास ना?

नाही, ऐकू आलं. ऐकू आलं मला. तरी परत एकदा म्हण. — थांब, एक मिनिट, ठेवू नकोस. ठेवू नकोस हं!

ताई, काढा तो कोट. खुर्चीवर टाका, मी बघते. — नाही, नाही झालं माप, पण बास आजच्यापुरतं. उद्या या. नाहीतर परवा. शनिवारच्या आत देते, शब्द आहे माझा. — अहो, बरी आहे मी, माझ्याकडे नका बघू, तुम्ही जा. पर्स राहिली तुमची. आणि जाताना दार ओढून घ्या, आतून कडी लागते त्याला, आपोआप.

हं. बोल.

गेल्या त्या. नाही, कोणी नाही आता. बोल तू.